वाट दिल्याबद्दल

गाडी थांबली आणि पौर्णिमा वाकली. इतकंच झालं. वाशीमच्या कोर्टासमोरचा रस्ता, सकाळची गर्दी, ऑटोंचे हॉर्न, एका मोटारसायकलवर तिघं आणि त्यांच्या मांड्यांवर आडवा धरलेला पाण्याचा पाइप. ती दुभाजकाच्या फटीतून अर्ध्या रस्त्यात आली आणि समोरून येणारी पांढरी गाडी करकचून थांबली. इथे माणूस गाडीसाठी थांबतो, गाडी माणसासाठी नाही, हे तिला ठाऊक होतं. ती इथलीच होती, जऊळक्यापासून चालत जाता येईल अशा वस्तीत वाढलेली. पण जे ठाऊक असतं ते डोक्यात असतं, आणि डोक्याला तेवढा वेळ मिळाला नाही. हात मांड्यांलगत आले, पाठ सरळ राहिली, कमरेतून ती पुढे झुकली, नजर डांबरावर गेली. तिथे पाण्याचं एक पाउच चपटं होऊन चिकटलेलं होतं. ती सरळ झाली, आणि तेव्हा तिनं काचेआडचा चेहरा पाहिला. तो हरीओम होता. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला ती जपानहून आली होती, तोच. त्याच्या गाडीपुढे एक म्हैस आडवी गेली होती म्हणून तो थांबला होता, हे तिला म्हैस दुभाजकापाशी पोचल्यावर दिसलं.

काच खाली आली. हरीओम जाड झाला होता, जामिनावरची माणसं होतात तसा, घरचं खाऊन आणि कुठे फारसं न जाऊन. तो आधी नुसता पाहत राहिला, जणू आपण पाहिलं ते खरंच घडलं का याची खात्री करत होता. मग हसला. "अरे वा! जपानवाली!" तो मागच्या सीटवरच्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "पाह्यलं का बे? कशी लाइनीवर आली. भावाले सांग म्हना, जरा बहिनीकून शिक. त्याले तवाच जमलं असतं त डोया तरी वाचला असता." मागचे दोघं हसले, गाडी गेली, आणि ती रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली. पलीकडे चहाच्या हॉटेलासमोर तिचा भाऊ संघदीप उभा होता. त्याला एकाच डोळ्यानं दिसत असे, पण त्या एका डोळ्यानं त्यानं सगळं पाहिलं होतं.

उरलेला रस्ता ती चालत गेली तेव्हा तिला जपानमधल्या मितो शहरातला चौक दिसत होता. तिथल्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिनं शाळेतल्या मुलांना रस्ता ओलांडताना पाहिलं होतं. ट्रक थांबला, पिवळ्या टोप्या पलीकडे गेल्या, फुटपाथवर चढल्या, मग सगळ्या टोप्या एकदम मागे वळल्या आणि ट्रकला वाकल्या. ट्रकवाल्यानं मानेनंच उत्तर दिलं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. पौर्णिमानं त्या दिवशी काम सोडून बराच वेळ हेच पाहिलं. किती वाहनं थांबतात, किती मुलं वळतात, न वळणाऱ्या मुलाला कुणी रागावतं का. कुणी रागावत नव्हतं. तिथे माणसं फोनवर बोलतानाही वाकायची, पलीकडच्याला दिसत नसताना. दुकानदार पैसे हातात घेत नसे, लहानशा तबकात ठेवायला लावी आणि तबकाकडे पाहून वाकायचा. दारात काढलेल्या चपलांची तोंडं बाहेरच्या दिशेनं वळवून ठेवायची, म्हणजे निघताना पाय शोधत बसत नाहीत, ही गोष्ट तिनं आईला फोनवर सांगितली तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे येतानाच जायाची तयारी. आपल्या पाव्हन्याईनं शिकाले पायजे." प्रशिक्षणात वाकण्याचे अंश शिकवले होते, ओळखीच्याला इतके, वरिष्ठाला इतके, चूक झाली तर इतके. हे तिला आवडलं. जे मोजता येतं त्याची भीती वाटत नाही असं तेव्हा तिला वाटत असे. आणि मुख्य म्हणजे तिथे सगळेच वाकत होते. संस्थेचा संचालक झाडूवाल्या बाईला वाकायचा आणि बाई त्याला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा असं वाकणं पाहिलं होतं, ज्यात कुणी खाली राहत नव्हतं.

कारण त्यांच्या घरात वाकणं नव्हतंच. तिचे आजोबा उकंडराव यांनी दीक्षा घेऊन आल्यावर पहिलं काम केलं ते घराच्या दाराचं. वस्तीतली सगळी घरं ठेंगणी, दारं त्याहून ठेंगणी, आत जायचं तर कमरेत मोडूनच. उकंडरावांनी चौकट उपटली आणि भिंत फोडून सागाची नवी चौकट बसवली, इतकी उंच की तिच्या डोक्यावर छपराला वेगळी टोपी चढवावी लागली. तो दरवाजा लांबून पाहिला तर घरापेक्षा मोठा वाटे. पावसात पाणी आत यायचं, थंडीत वारा यायचा, आई वर्षानुवर्षं कुरकुरायची, पण चौकट कुणी खाली आणली नाही. पौर्णिमा त्या दारातून ताठ आत-बाहेर करत मोठी झाली होती. शाळेत बाईंच्या पाया पडायची वेळ आली की ती हात जोडून उभी राही आणि छडी खाई. आणि आज तिनं भर रस्त्यात कुणालाही न विचारता, कुणी न सांगता, कंबर मोडली होती. हरीओमपुढे.

"कोणाले वाकली तू?"

"दादा, गाडी थांबली म्हनून..."

संघदीपनं तिच्या तोंडात मारली. हॉटेलातली कपबश्यांची खळखळ थांबली. तिनं सगळं बारकाईनं नोंदलं. आधी आवाज आला, मग ऊब, मग दुखणं. गालाच्या आतली बाजू दाढेवर आपटून फाटली होती आणि जिभेला लोखंडाची, खारट चव आली. तिला याच क्षणी रक्तात लोह असतं हे आठवलं, आणि आपल्याला हे आठवतंय याचीच लाज वाटली.

"ओ दादा, पोरीच्या आंगावर हात काहून टाकून राह्यले?" चहावाला गाळणी हातात घेऊन बाहेर आला.

"माही बहीन हाय."

"मंग त अजूनच कायले?"

संघदीप बाकावर बसला आणि त्यानं आपला हात असा पाहिला, जणू तो कुणी त्याच्या मांडीवर ठेवून गेलं होतं. "तो आता चौकाचौकात सांगीन," तो म्हणाला. "त्याचा वकील सांगीन. खळ्यावरचा रामकिसन फितूर झाला, बाकीचे त कोर्टातच आले नाहीत. माही साक्ष झाली, आता तुह्यावरच होतं सारं. आन् तू साक्षीच्या दिवशी त्याले नमस्कार घालतं."

"नमस्कार नोता तो."

"मंग काय होतं?"

वाट दिली म्हणून, असं म्हणायचं तर त्याच्यासमोर ते म्हणता येण्यासारखं नव्हतं. वाटेवरूनच झालं होतं सगळं. सोयाबीन काढणीचे दिवस होते, पांदणीच्या दोन्ही बाजूंना काट्या, मध्ये एकच गाडी जाईल एवढी जागा. संघदीप मोटारसायकलवर येत होता, समोरून हरीओमची गाडी. त्यानं हॉर्न दिला. हात हलवून सांगितलं, मागं घे. संघदीप म्हणाला, तुमी मागं घ्या ना, तुमचा फाटा जवळ हाय. एवढंच बोलणं. त्यात शिवी नव्हती, आवाज चढा नव्हता. पौर्णिमा बाजूच्या शेतात मुळांवरच्या गाठींचे नमुने काढत होती, विद्यापीठाच्या कामासाठी, हातात खुरपं आणि प्लास्टिकच्या पिशव्या. तिनं ते ऐकलं आणि तिला वाटलं आता ते गाडी मागे घेतील, कारण अंतराचा हिशेब तसाच होता.

गाडीतून चौघं उतरले. त्यांनी संघदीपला बाजूच्या खळ्यावर ओढत नेलं, जिथे रामकिसन थ्रेशर चालवत होता. थ्रेशरचा तुटका पट्टा तिथे पडला होता, जाड, दोरा भरलेला रबराचा. तो पाठीवर पडायचा तेव्हा फटका ऐकू येत नसे, थ्रेशर चालूच होतं. संघदीपचं तोंड उघडायचं आणि मिटायचं, आणि आवाज सगळा यंत्राचा. रामकिसननं यंत्र बंद केलं नाही. पेंढ्या आत सारत राहिला. मग हरीओमनं पट्टा टाकला, संघदीपच्या मानेवर गुडघा रोवला आणि त्याचं तोंड कुटारात, मळून पडलेल्या शेंगांच्या भुशात, दाबलं. सोयाबीनच्या कुटाराला ज्यानं हात लावलाय त्याला माहीत असतं, वाळलेल्या शेंगेचं टोक सुईसारखं असतं आणि ते मोडून आत राहतं. हरीओम डोकं वर काढायचा, यंत्राच्या आवाजात ऐकू न येणारं काहीतरी विचारायचा, आणि पुन्हा दाबायचा. वर काढायचा, विचारायचा, दाबायचा. पौर्णिमा धावत पोचली तेव्हा तिच्या हातात खुरपं होतं. एकानं तिला केसांनी धरून मागे खेचलं आणि ते खुरपं कुटारात कुठेतरी गेलं. तिला अजूनही कधी कधी तळव्यात त्याची मूठ जाणवे, आणि ते आपण चालवलं असतं की नाही हा प्रश्न तिनं कितीदा तरी मांडून पाहिला होता. उत्तर नेहमी एकच येई, आणि ते तिला कधी घाबरवत नसे.

पुढे ती मितोला गेली आणि तिथेही सोयाबीनच होतं. उकडलेलं, मऊ, किण्वनानंतर चिकट तारा सुटणारं. लोक ते सकाळी भातावर घेऊन खात. तिच्या तालुक्यातून पोत्यांनी विकलं जाणारं आणि तिथे कुणीच खात नसलेलं धान्य त्या देशात घराघरात होतं. ते ढवळताना तारा लांबत जायच्या आणि तिला गाल टोचल्यासारखा वाटायचा. पण बाकी सगळं शांत होतं. आगगाडीत कुणी बोलत नसे. रस्त्यावर कुणी कुणाला धक्का देत नसे. कुणाचा हात कुणावर उठलेला तिनं पाहिला नव्हता, आणि या देशानं हिंसा कुठल्यातरी उपायानं संपवली आहे, तो उपाय शोधला तर सापडेल, अशी तिची समजूत होत चालली होती.

मग तो सुपरमार्केटातला प्रसंग आला. संध्याकाळी ती तांदूळ घ्यायला गेली होती. एका गिऱ्हाइकाला चुकीच्या पिशव्या गेल्या होत्या, का मासा शिळा निघाला होता, तिला भाषा नीट कळली नाही. काउंटरवरचा तरुण वाकला. गिऱ्हाईक बोलत राहिला, चढ्या आवाजातही नाही. तरुण अजून वाकला. गिऱ्हाइकानं बोटानं फरशी दाखवली. तरुणानं आपला एप्रन नीट केला, गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळवे फरशीवर टेकले आणि कपाळ फरशीला लावलं. तसाच राहिला. गिऱ्हाईक त्याच्या डोक्याशी उभा राहून बोलत होता, ते वर काढू देत नव्हता. आजूबाजूची माणसं तांदळाच्या पिशव्यांवरचे भाव वाचत होती. पौर्णिमाला त्या फरशीवर कुटार दिसलं. कुणाचाही गुडघा त्या मानेवर नव्हता, तरी तिथे तो होता, तिला त्याचं वजनही सांगता आलं असतं. हातातली पिशवी त्या गिऱ्हाइकाच्या मानेवर घालावी असं तिला इतकं स्पष्ट वाटलं की तिनं पिशवी खाली ठेवली आणि न घेताच बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गाडी थांबली. पौर्णिमा थोडी थांबली, विचार केला, आणि वाकली. ते दोन्ही एकच नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. फरक कुठे आहे ते मात्र शब्दात आलं नव्हतं.

"पानी पे," संघदीप म्हणाला. त्यानं पेला तिच्यापुढे सरकवला. तिनं चूळ भरून गटारीत टाकली, ती गुलाबी निघाली. ते पाहून त्यानं चेहरा वळवला, नेहमीप्रमाणे पूर्ण डोकं फिरवून, कारण डाव्या बाजूचं त्याला काहीच दिसत नव्हतं. "आई इथं असती त मले हान्लं असतं तिनं," तो पुटपुटला.

"फोन करू का मंग?"

त्याला हसू आलं नाही, पण तो उठला. "चाल. पुकारा होईन."

साक्षीचा पहिला भाग सोपा गेला. सरकारी वकील विचारत होते आणि ती सांगत होती. पट्टा कसा, उजेड कुठून, अंतर किती, कोण कुठे उभं. तिचा आवाज सपाट होता. प्रयोगात काय घडलं ते सांगताना तो असाच होत असे. गालाच्या आत प्रत्येक शब्दाला जीभ फाटलेल्या कडेवर घासत होती. हरीओम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून. मागच्या बाकावर संघदीप. न्यायाधीश बाई ऐकत, मग हळूहळू वाक्य सांगत, आणि लघुलेखक ते टंकत असे.

मग हरीओमचे वकील उठले. वयस्क, गोड बोलणारे, चष्मा कपाळावर. "मॅडम, तुम्ही उच्चशिक्षित आहात. परदेशात संशोधन करता. मला एवढंच सांगा, आज सकाळी कोर्टासमोर आरोपी तुम्हाला भेटले?"

"भेटले नाहीत. रस्ता ओलांडताना त्यांची गाडी आली."

"आणि तुम्ही त्यांना वाकून नमस्कार केलात. बरोबर?"

"वाकले. नमस्कार नव्हता."

"वाकलात पण नमस्कार नव्हता." त्यांनी हे न्यायाधीशांकडे पाहून म्हटलं. "ज्या माणसानं भावाचा डोळा घेतला असं तुम्ही सांगता, त्याला कुणी वाकतं का? तुम्हाला ठाऊक आहे की त्या दिवशी गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून तुमचा भाऊ कुटारात पडला. मनात राग नाही, म्हणून शरीर वाकलं. शरीर खोटं बोलत नाही, तुमचं विज्ञानच सांगतं."

"तिथे गाडीनं वाट दिली की वाकतात. कुणीही, कुणालाही. गाडीत कोण आहे ते मी पाहिलं नव्हतं."

"सवय."

"हो."

"मग कोर्टाला दाखवा की. आम्हाला काय, आम्ही जपान पाहिलेलं नाही. आरोपी समोरच आहेत. कसं वाकता तुम्ही, सवय कशी असते, न्यायालयाला कळू द्या."

सरकारी वकील उठून हरकत घेऊ लागले. न्यायाधीशांनी हात वर केला आणि पौर्णिमाकडे पाहिलं. "साक्षीदाराची तयारी असेल तर दाखवू शकतात. सक्ती नाही. मात्र आपण सवय म्हणता, तर ती कशी आहे हे पाहणं उपयोगी ठरेल."

सोपं होतं. तेवढे अंश, पाठ सरळ, हात मांड्यांलगत, नजर खाली, वर. एका श्वासाचं काम. वाकली असती तर तिचं म्हणणं पटलं असतं. न वाकली तर सकाळचं वाकणं तसंच उरणार होतं, हरीओमनं लावलेल्या अर्थासह, आणि भावाच्या साक्षीला दुजोरा तिच्या एकटीच्या शब्दाचाच होता. तिनं हे सगळं तपासलं. तिला तिच्या पाठीचे स्नायू तयार होताना जाणवले, आज्ञाधारक, शिकवलेले. समोर हरीओमनं कोपरं कठड्यावरून काढली होती. तो ताठ उभा होता, छाती पुढे, जणू कुणी फोटो काढणार आहे. तो घ्यायला तयार होता. आणि तेव्हा तिला फरक शब्दात सापडला, इतका साधा की तिला राग आला.

"नाही," ती म्हणाली. "मी दाखवणार नाही."

"म्हणजे सवय नाहीच," वकील म्हणाले.

"सवय आहे. पण मागितल्यावर केलं तर ती सवय राहत नाही. मागून, उभं राहून, घ्यायचं म्हणून घेतलं की ते तेच होतं, जे यांना खळ्यावर माझ्या भावाकडून घ्यायचं होतं. मी बाहेर गेल्यावर पुन्हा कुणी वाट दिली तर वाकेन. म्हैस हाकणाऱ्यानं दिली तरी वाकेन. यांच्यापुढं, यांनी मागितलं म्हणून, नाही."

"आपल्या साक्षीवर याचा परिणाम होऊ शकतो, कळतंय ना?" न्यायाधीश म्हणाल्या.

"हो मॅडम."

न्यायाधीश लघुलेखकाकडे वळल्या. "साक्षीदारानं दाखवण्यास नकार दिला," त्या सांगू लागल्या. वकील समाधानानं चष्मा खाली घेत होते. आणि त्या शांततेत हरीओम कठड्यावर आदळला. लाकूड कुरकुरलं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, चेहरा काळवंडला होता. त्याला आपण कुठे आहोत याचा पत्ता नव्हता.

"वाक म्हनलं ना!" तो ओरडला. "समजत नाही काय? तुह्या भावाले किती डाव म्हनलं, वाक म्हनलं, मंग सोडतो, त्यानंबी आयकलं नाही, तुलेबी..."

पोलिसानं त्याचा दंड धरला. वकील त्याच्याकडे धावले, "गप, गप राहा," त्यांचा गोड आवाज कुठेच नव्हता. हरीओमनं एकदा पोलिसाकडे पाहिलं, एकदा वकिलांकडे, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. खोलीत पंखा फिरत होता. लघुलेखकाची बोटं हवेत थांबली होती.

"आरोपी जे बोलले ते," न्यायाधीश म्हणाल्या, "शब्दशः घ्या."

बोटं खाली आली. पौर्णिमानं कठडा घट्ट धरला होता. तिला आनंद होईल असं वाटलं होतं, पण आला तो आनंद नव्हता. तिला आत्ता, इथे, त्या उघड्या तोंडावर काहीतरी मारायचं होतं. ते इतकं जवळ होतं की तिच्या नखांखाली लाकडाचा रंग गोळा झाला. तिनं नजर उचलून मागच्या बाकाकडे पाहिलं. संघदीप पुढे वाकून बसला होता, एक डोळा हरीओमवर, आणि त्यानं आपले दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घालून, सगळ्या अंगाचं वजन टाकून, दाबून धरले होते. कुणीही त्याला धरलेलं नव्हतं. "आपण खाली येऊ शकता," न्यायाधीश तिला म्हणाल्या, पण भावाचे हात तसे दाबलेले असेपर्यंत तिचं पाऊल त्या पायरीवरून उचललं गेलं नाही.